दर दोन वर्षांनी नवा संघ : भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाची वाटचाल

वयोगटाचा राष्ट्रीय संघ दर दोन वर्षांनी संपतो आणि नव्याने उभा राहतो. वरिष्ठ संघातील खेळाडू दहा-बारा वर्षे टिकते. सतरा वर्षांखालील संघात मात्र जन्मसाल आडवे येते आणि मुलगी कितीही चांगली खेळत असली तरी तिला जागा सोडावी लागते. २०२२ च्या विश्वचषकासाठी १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच पात्र होत्या. २००४ च्या डिसेंबरात जन्मलेल्या मुलीला या नियमात सवलत नव्हती. त्यामुळे अशा संघाचा इतिहास लिहिताना खेळाडूंच्या कारकिर्दी मोजून भागत नाही. मुली कोणत्या गावांतून, कोणत्या मैदानांवरून आणि कोणत्या स्पर्धांतून येत राहिल्या आणि त्यांना एकत्र आणणारी शिबिरे किती सलग चालली, हेच पाहावे लागते. भारतीय संघाच्या बाबतीत ही साखळी अनेकदा तुटली. तिचे तुटणे आणि पुन्हा जोडले जाणे हाच या संघाचा इतिहास आहे.

भारतात महिलांचे संघटित फुटबॉल १९७५ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी महिलांसाठी स्वतंत्र फुटबॉल महासंघ स्थापन झाला आणि लखनौत पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पुढच्या काही वर्षांतली प्रगती आजही थक्क करते. १९७९-८० साली कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत अंतिम फेरीपर्यंत गेला आणि चिनी तैपेईकडून हरून उपविजेता ठरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला तिसरा क्रमांक मिळाला, तर १९८३ मध्ये पुन्हा उपविजेतेपद. त्याच वर्षी शांती मल्लिक या अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला फुटबॉलपटू ठरल्या. तेव्हा आशियात मुलींचे फुटबॉल खेळणारे देश मोजकेच होते, हे खरे. तरीही ती सुरुवात भक्कम होती आणि तिच्यावर मजले चढवता आले असते.

मजले चढले नाहीत, कारण त्या संघाच्या खाली काहीच नव्हते. वरिष्ठ मुली निवृत्त झाल्या की त्यांच्या जागी येणाऱ्या मुली कुठे घडायच्या, याची व्यवस्थाच उभी राहिली नव्हती. नव्वदच्या दशकाच्या आरंभी महिलांचे फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या छत्राखाली आले. पुढे कनिष्ठ आणि उपकनिष्ठ गटांच्या राष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाल्या. पण त्या वर्षातून एकदा, एखाद्या पंधरवड्यात आटोपत. पंधरा वर्षांच्या मुलीला वर्षाकाठी चार-पाच सामने मिळणार असतील, तर तिचे कौशल्य सरावात कितीही वाढले तरी सामन्यातले भान वाढत नाही. दबावाखाली चेंडू कोणाकडे द्यायचा, कधी थांबायचे, दमछाक झालेल्या शेवटच्या वीस मिनिटांत जागा कशी सांभाळायची, या गोष्टी सामन्यांतच शिकता येतात.

या काळात मुलींचे फुटबॉल महासंघाच्या योजनांपेक्षा काही मोजक्या प्रदेशांनी जगवले. मणिपूर त्यात सर्वांत पुढे. राष्ट्रीय अजिंक्यपद वीसहून अधिक वेळा जिंकलेल्या या राज्यात गावोगावच्या क्लबांमध्ये मुली मुलांच्या बरोबरीने चेंडू खेळत मोठ्या होतात. ओइनम बेमबेम देवी याच मातीतून आल्या. १९९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्या थेट वरिष्ठ राष्ट्रीय संघात खेळल्या. पुढे त्यांना अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. पंधराव्या वर्षी थेट वरिष्ठ संघात जावे लागणे हा त्यांच्या गुणवत्तेचा पुरावा आहे, आणि मधल्या पायऱ्या नव्हत्या याचाही. झारखंडमध्ये रांचीजवळच्या ओरमांझी भागात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘युवा’ या संस्थेने आदिवासी खेड्यांतील मुलींना फुटबॉलच्या निमित्ताने शाळेशी आणि एकमेकींशी जोडले. २०१३ मध्ये तिथल्या मुली स्पेनमध्ये खेळून आल्या. हरियाणात भिवानी जिल्ह्यातले अलखपुरा हे गाव मुलींच्या फुटबॉलमुळेच ओळखले जाऊ लागले. पुढच्या राष्ट्रीय संघांच्या याद्या वाचल्या तर याच प्रदेशांची नावे पुन्हापुन्हा भेटतात.

आशियाई पातळीवर मुलींच्या वयोगटांच्या स्पर्धा २००२ मध्ये सुरू झाल्या, आणि पहिली स्पर्धा भारतातच भरली. १९ वर्षांखालील मुलींची ही पहिली आशियाई स्पर्धा गोव्यात झाली. अंतिम सामन्यात जपानने चिनी तैपेईवर २-१ अशी मात केली. सतरा वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा २००५ मध्ये दक्षिण कोरियात सुरू झाली. तिच्यात भारताचा संघ होता, पण त्या वेळी पात्रता फेरीची चाळणी नव्हती. फिफाने सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू केला आणि पहिला चषक उत्तर कोरियाने नेला. २०१० मध्ये तो दक्षिण कोरियाकडे, २०१४ मध्ये जपानकडे गेला. मुलींच्या वयोगटांत आशिया खंड जगाच्या पुढे होता आणि त्याच खंडात भारत मागे पडत होता. २००९ मध्ये तर वरिष्ठ संघाने दीर्घकाळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे त्याचे नाव फिफाच्या क्रमवारीतून वगळले गेले. वरिष्ठ संघाचीच ही स्थिती, मग कनिष्ठ संघाला सामने कुठून मिळणार?

२०१० नंतर हालचाल सुरू झाली. दक्षिण आशियाई महिला स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली आणि पहिल्या पाचही स्पर्धा भारताने जिंकल्या. सुब्रतो चषकात मुलींचा गट आला आणि शाळांच्या संघांना दिल्लीत खेळण्याची वाट मिळाली. २०१६-१७ मध्ये इंडियन विमेन्स लीग सुरू झाली आणि पहिले विजेतेपद मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने पटकावले. पुढच्या हंगामाची पात्रता फेरी कोल्हापुरात भरली. पेठांच्या संघांवर जीव टाकणाऱ्या या शहराने तेव्हा मुलींचे सामनेही पाहिले. लीगचा कनिष्ठ संघाला झालेला फायदा आकड्यांत दाखवणे अवघड आहे, पण तो मोठा होता. सोळा वर्षांच्या मुलीला पंचविशीतल्या खेळाडूंसोबत आणि त्यांच्याविरुद्ध खेळायला मिळू लागले.

२०१७ मध्ये ढाक्यात पंधरा वर्षांखालील दक्षिण आशियाई स्पर्धेची अंतिम लढत बांगलादेशने १-० अशी जिंकली. पुढच्या वर्षी थिम्फूत भारताने त्याच फरकाने परतफेड केली. २०१९ मध्ये अंतिम सामना गोलशून्य बरोबरीत सुटल्यावर पेनल्टी शूटआउटमध्ये पुन्हा भारत जिंकला. दोन शेजारी देशांतील ही चुरस दोघांनाही उपयोगाची ठरली. बांगलादेशने याच मुलींवर मेहनत घेऊन २०२२ मध्ये वरिष्ठ गटाचे दक्षिण आशियाई विजेतेपद मिळवले, ही गोष्ट भारतीय प्रशिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मार्च २०१९ मध्ये फिफाने २०२० च्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे यजमानपद भारताला दिले. २०१७ मध्ये मुलांचा विश्वचषक भारतात झाला होता आणि तेरा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी मैदानांवर येऊन विक्रम केला होता. त्या अनुभवाच्या बळावर हे यजमानपद आले. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. पहिल्यांदाच भारताचा एखादा महिला संघ फिफाच्या विश्वचषकात खेळणार होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वीडनचे थॉमस डेनर्बी यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. २०११ च्या महिला विश्वचषकात त्यांच्या स्वीडन संघाने तिसरा क्रमांक मिळवला होता. डिसेंबरात मुंबईत स्वीडन आणि थायलंडच्या संघांसह तिरंगी स्पर्धा झाली. युरोपातील समवयस्क मुली धावण्यात आणि अंगाने किती पुढे आहेत, हे अंधेरीच्या मैदानावर स्पष्ट दिसले. तरीही हाताशी जवळजवळ वर्ष होते आणि शिबिर सुरू झाले होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मुली घरोघरी परतल्या. मोबाइलवर सूचना मिळत होत्या, पण सराव अंगणात, शेताच्या बांधावर, मिळेल तिथे करावा लागे. झारखंडमधील काही मुलींच्या घरी रोजंदारी थांबल्याने पोषक आहार सोडा, रोजच्या जेवणाचीच ओढाताण होती. राज्य सरकारने पुढे तिथल्या मुलींना रांचीत एकत्र आणून त्यांच्या राहण्याची आणि सरावाची सोय केली. स्पर्धा आधी फेब्रुवारी २०२१ पर्यंत पुढे ढकलली गेली. मग नोव्हेंबर २०२० मध्ये ती रद्दच झाली आणि भारताला २०२२ चे यजमानपद मिळाले.

देशाचे यजमानपद वाचले, पण त्या मुलींचे काहीच वाचले नाही. २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्या, दोन वर्षे विश्वचषकाच्या नावाने तयारी केलेल्या मुली एका निर्णयाने वयाबाहेर गेल्या. त्या स्पर्धा हरल्या नाहीत, ती त्यांच्या हातून निसटलीही नाही. ती झालीच नाही. या तुकडीच्या नावावर विश्वचषकाचा एकही सामना नोंदलेला नाही, त्यामुळे स्पर्धांच्या तक्त्यांत ती दिसत नाही. संघाच्या इतिहासात तिला जागा द्यायलाच हवी, कारण आंतरराष्ट्रीय दर्जाचे लांब शिबिर म्हणजे काय, हे या मुलींनी अनुभवले आणि त्यांच्यातल्या काही पुढे वरिष्ठ संघापर्यंत पोहोचल्या.

२०२२ हे वर्ष भारतीय महिला फुटबॉलसाठी उलथापालथीचे ठरले. जानेवारीत वरिष्ठ महिलांची आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरली. डेनर्बींकडे आता वरिष्ठ संघाचीही जबाबदारी होती. पहिल्या सामन्यानंतर शिबिरात करोनाची लागण पसरली, दुसऱ्या सामन्याला संघ उभा करता आला नाही आणि यजमान भारताला स्पर्धेबाहेर पडावे लागले. मार्चमध्ये जमशेदपूरला अठरा वर्षांखालील मुलींनी दक्षिण आशियाई विजेतेपद मिळवले आणि मणिपूरच्या लिंडा कोम सेर्टोने गोलांचा धडाका लावला. त्यानंतर नव्या सतरा वर्षांखालील तुकडीचे शिबिर सुरू झाले आणि उन्हाळ्यात संघ इटली आणि नॉर्वेला खेळायला गेला. या युरोप दौऱ्यात एका सहायक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला. त्याला तातडीने परत पाठवून बडतर्फ करण्यात आले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. अल्पवयीन मुलींना महिनोन्‌महिने घरापासून दूर ठेवणाऱ्या कोणत्याही शिबिरात त्यांची सुरक्षितता ही सरावाइतकीच मूलभूत बाब आहे. तेव्हापासून मुलींच्या संघासोबत कोण जाते, हा प्रश्न अधिक कसोशीने विचारला जाऊ लागला.

मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाचा कारभार प्रशासक समितीकडे सोपवला होता. फिफाने हा बाहेरचा हस्तक्षेप मानून ऑगस्टच्या मध्यात भारताला निलंबित केले. विश्वचषक दोन महिन्यांवर आला असताना यजमानपद जाण्याची वेळ आली. त्याच सुमारास गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. त्याला न खेळताच परतावे लागले. २६ ऑगस्टला निलंबन उठले आणि २ सप्टेंबरला महासंघाची निवडणूक झाली. शिबिरातल्या मुली या सगळ्या काळात सराव करतच होत्या. स्पर्धा होणार की नाही, हे त्यांना कोणीच सांगू शकत नव्हते.

अखेर ११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर भारतीय मुली विश्वचषकाच्या मैदानात उतरल्या. २१ जणींच्या संघात झारखंडच्या सहा जणी होत्या, मणिपूरचा वाटाही तसाच भरघोस होता, आणि महाराष्ट्रातून पुण्याची काजोल डिसूझा होती. कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या सन्मानार्थ तिच्या गावात प्रशासनाने रस्ता करायला घेतला, तेव्हा त्या कामावर तिचे आईवडीलच मजुरी करत होते. या संघातल्या अनेक मुलींच्या घरची परिस्थिती त्यावरून कळावी.

गट अवघड होता. पहिल्या सामन्यात अमेरिकेने भारताला ८-० असे हरवले. तीन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मोरोक्कोविरुद्धचा पहिला अर्धा भाग भारताने गोल न देता काढला. बचावफळी जागेवर होती, चेंडू पुढेही जात होता. मध्यंतरानंतर पेनल्टीवर पहिला गोल झाला आणि सामना ०-३ असा हातून गेला. १७ ऑक्टोबरला ब्राझीलने ५-० असा विजय मिळवला. तीन सामन्यांत सोळा गोल पडले आणि भारताच्या नावावर एकही नोंदला गेला नाही. या आकड्यांमागे मुलींच्या जिद्दीची कमतरता नव्हती. अमेरिकेतली मुलगी सहा-सात वर्षांची असल्यापासून दर आठवड्याला सामने खेळत आलेली असते. भारतीय मुलींपैकी अनेक जणी शिबिरात येईपर्यंत वर्षाला मोजके सामने खेळत होत्या. सहा-आठ महिन्यांचे शिबिर, मग ते कितीही उत्तम असो, दहा वर्षांचा हा फरक भरून काढू शकत नाही. मोरोक्कोचीही ही पहिलीच विश्वचषक स्पर्धा होती. पण त्या देशाने मुलींच्या प्रशिक्षण केंद्रांवर आणि लीगवर सातत्याने खर्च केला, आणि २०२५ पासून सलग पाच वर्षे या विश्वचषकाचे यजमानपद त्याच्याकडे आले आहे.

स्पर्धा भारताबाहेरच्या संघांसाठी पुढे चालली. मडगावच्या फातोर्डा मैदानावर उपांत्य सामने झाले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवून विजेतेपद राखले. सामन्याचा निकाल शेवटच्या दहा मिनिटांतल्या एका स्वयंगोलाने लागला. कोलंबियाकडून खेळलेली लिंडा कायसेदो पुढच्याच वर्षी महिलांच्या विश्वचषकात चमकली. सतरा वर्षांखालील स्पर्धा वरिष्ठ संघाची पायरी कशी होते, हे महाराष्ट्र आणि गोव्यातल्या प्रेक्षकांनी जवळून पाहिले.

विश्वचषकानंतर शिबिर मोडले आणि तुकडी पांगली. यापूर्वी अशा वेळी साखळी तुटत असे. या वेळी ती पूर्णपणे तुटली नाही. एप्रिल २०२३ मध्ये प्रिया पी. व्ही. यांच्या मार्गदर्शनाखाली नवा संघ बिश्केकला आशियाई पात्रतेच्या पहिल्या फेरीत खेळला, यजमान किर्गिझस्तान आणि म्यानमार यांना मागे टाकून दुसऱ्या फेरीत गेला आणि तिथे अडला. केंद्र सरकारच्या ‘अस्मिता’ योजनेतून तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांखालील मुलींच्या लीग राज्याराज्यांत सुरू झाल्या. या लीगचा दर्जा सगळीकडे सारखा नाही. पण राष्ट्रीय संघाला लागणाऱ्या मुलींना आता वार्षिक स्पर्धेखेरीज सामने मिळू लागले, ही मोठी सुधारणा आहे.

२०२५ हे वर्ष त्याचे फळ घेऊन आले. जुलैत वरिष्ठ संघाने चियांग माईला थायलंडवर २-१ अशी मात केली. संगीता बासफोरने दोन्ही गोल केले आणि पात्रता फेरी खेळून आशियाई स्पर्धेत जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ ठरली. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील संघाने यांगूनमध्ये म्यानमारला १-० असे हरवून २००६ नंतर प्रथमच आशियाई स्पर्धा गाठली. त्या संघात शुभांगी सिंग आणि गोलरक्षक मोनालिसा देवी होत्या, आणि दोघीही भुवनेश्वरला विश्वचषक खेळलेल्या संघातल्या. तिथे सोळा गोल पाहिलेल्या मुली वाया गेल्या नव्हत्या.

सतरा वर्षांखालील संघाची पाळी ऑक्टोबरमध्ये आली. प्रशिक्षक होते स्वीडनचेच योआकिम अलेक्झांडरसन, आणि मैदान होते पुन्हा बिश्केकचे. किर्गिझस्तानला २-१ असे हरवल्यावर १७ ऑक्टोबरला उझबेकिस्तानशी गाठ पडली. भारताला बरोबरीही पुरणार होती, पण पूर्वार्धातच उझबेकिस्तानने गोल करून आघाडी घेतली. प्रशिक्षकांनी मध्यंतराची वाट न पाहता थंडामोनी बास्केला बदली खेळाडू म्हणून उतरवले. ५५ व्या मिनिटाला तिने बरोबरी साधली आणि ६६ व्या मिनिटाला तिच्याच पासवर अनुष्का कुमारीने विजयी गोल केला. २००५ नंतर प्रथमच भारत सतरा वर्षांखालील मुलींच्या आशियाई स्पर्धेत पोहोचला, आणि पात्रता फेरीतून जिंकत जाण्याची ही या वयोगटातली पहिलीच वेळ होती. चीनमधील २०२६ च्या या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र आहेत. भुवनेश्वरला विश्वचषकाचा पहिला सामना झाला, तेव्हा त्यांतली सर्वांत मोठी मुलगीही चौदा वर्षांची झालेली नव्हती.